गावातल्या शहीद जवानांचं स्मारक उभारायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की नाशिक जिल्ह्यातल्या तुमच्या गावात युद्धात कामी आलेल्या जवानांचं स्मारक करायचं ठरतंय, ग्रामपंचायत खर्चाला तयार आहे, पण पहिलं पाऊल काय ते कळत नाही. माझं उत्तर एवढंच: आधी नावं गोळा करा. कारागीर, ग्रॅनाइट, उद्घाटनाला कोण बोलवायचं, हे सगळं नंतर. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात यादीचं काम माझ्याकडे होतं, त्या अनुभवावरून सांगतो.

नावांवर एवढा भर का, तर आपल्याकडे स्मारकं पूर्वीपासून आहेत, नावं मात्र नाहीत. मारुतीच्या देवळामागे किंवा जुन्या वेशीपाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, असेल तर एकदा नीट बघा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गाव शेंदूर लावतं, नारळ फोडतं. पण बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नसतं, त्यामुळे तो कुणाचा पणजोबा होता हे आज कुणालाच सांगता येत नाही. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रात गावोगावी शिळा बसवल्या, त्यांवर मजकूर साधारण असा: या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके लोक गेले, पैकी इतके मेले. फक्त आकडा. इराकमधल्या बसरा स्मारकावर 40 हजारांहून जास्त सैनिकांची नोंद आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेले मराठा पलटणींचे जवानही त्यात आले. तिथेही ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. शंभर वर्षांपूर्वी राहून गेलेलं हे काम तुमचं गाव आज करू शकतं, म्हणून कळकळीनं सांगतोय.

आता शोधायचं कसं. महायुद्धांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे दोन्ही महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. मात्र स्पेलिंग जुनं टाका. नाशिकच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तेव्हा मधला एच नव्हता, चांदवड म्हणजे चांदोर, पेठ म्हणजे पेइंट. जाधवचं जाधाव, पवारचं पोवार झालेलं असतं. आजचं गावाचं नाव टाकून काही आलं नाही म्हणजे नोंदच नाही असं समजू नका.

1947 नंतरच्या जवानांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाची यादी बघा. 25 फेब्रुवारी 2019 ला ते खुलं झालं तेव्हा त्यावर 25,942 नावं होती. श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेलेही त्यात आहेत, त्यांचा गावाला फार लवकर विसर पडतो. नंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पत्र लिहा. तोफखान्याचं आपल्या नाशिकरोडलाच आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पत्रात सर्व्हिस नंबर दिला तर काम पटकन होतं.

तो नंबर घरातच मिळतो. एका आजींनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. त्यात पेन्शनचं पुस्तक, तार, एका पदकाची फक्त रिबीन आणि बँकेचं जुनं पासबुक, सगळं एका नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. गाव ज्यांना आयुष्यभर एका नावानं हाक मारत होतं, त्यांचं कागदावरचं नाव वेगळंच निघालं. अशा वेळी दोन्ही नावं कोरा. घरी जाताना घाई करू नका, चहा घ्या, लगेच मोबाइलवर फोटो काढायला लागू नका.

आणि प्रत्येक वस्तीत जा. 1917 मध्ये 111 महार्स ही पलटण उभी राहिली होती. शिवाय खेचरवाले, मजूर, स्वयंपाकी म्हणून समुद्रापार गेलेले आणि परत न आलेले लोक होतेच. दलित वस्ती, आदिवासी पाडा, मुस्लिम मोहल्ला सोडून फक्त गावठाणात विचारून यादी केलीत, तर ती गावाची यादी होत नाही.

कुणाला घ्यायचं यावर वाद होणारच. लष्कर बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत गेलेले) आणि फिजिकल कॅज्युअल्टी (आजार, अपघात अशा कारणांनी गेलेले) असा फरक करतं. माझं मत स्पष्ट आहे: सेवेत असताना जो गेला, आजारानं किंवा अपघातानं का होईना, त्याचं नाव त्याच दगडावर, त्याच आकाराच्या अक्षरात. नावापुढे तो कसा गेला ते एका ओळीत खरं लिहा. हा निर्णय ग्रामसभेत ठराव करूनच घ्या.

बांधकामाचं थोडक्यात: पुतळ्याचा हट्ट नको. त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि शेवटी जो चेहरा बनतो तो कुणाच्याच मुलाचा नसतो. जागा गावठाणातली, कागदोपत्री ग्रामपंचायतीच्या नावावरची असू द्या. अक्षरं खोल कोरून घ्या, नुसता रंग दोन-तीन पावसाळ्यांत जातो. उंच चौथरा करू नका. पायऱ्या न चढता वीरमातेचा हात नावापर्यंत पोचला पाहिजे. देणगीदार आणि पुढाऱ्यांची नावं मागच्या बाजूला, लहान अक्षरात. 2023 मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ या सरकारी मोहिमेत बसवलेला शिलाफलक तुमच्या ग्रामपंचायतीत असेल, तर त्यावरची नावंही ताडून बघा.

अनावरण द्राक्षाच्या काढणीत ठेवू नका, जानेवारी ते मार्च आमच्याकडे माणूस घरी सापडत नाही. 16 डिसेंबर, म्हणजे 1971 च्या युद्धातल्या विजयाचा दिवस, चालेल. त्याहून चांगलं म्हणजे यादीतल्या एखाद्या जवानाची पुण्यतिथी. तारीख मात्र त्याच्या घरच्यांना विचारून ठरवा.

तुमचा तालुका कोणता ते लिहा. जुन्या नोंदींत गावाचं स्पेलिंग काय असू शकेल ते शोधायला मी मदत करतो.