ब्रेक दाबला की पेडल थरथरते : डिस्कचा खर्च कोणाचा?

प्रश्न : गाडी १४,००० किलोमीटर धावली आहे. आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग आणि पेडल थरथरते. सर्व्हिस सेंटर म्हणते, पुढच्या दोन्ही डिस्क ‘बेंड’ झाल्यात, वॉरंटीत बसत नाहीत. पैसे मीच भरायचे का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मापे घेतल्याशिवाय डिस्क बदलू देऊ नका. ओतीव लोखंडाची डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी) सहसा वाकत नाही. तिची जाडी जागोजागी कमी-जास्त होते. ०.०२ मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवतो.

हे दोन वाटांनी होते. घाटभर ब्रेकवर पाय राहिला की पॅड (डिस्कवर दाबला जाणारा ब्रेकचा ठोकळा) तापतो आणि घाटाखाली साखरप्याला ब्रेक दाबूनच थांबलात, तर पॅडचा थर त्या जागी डिस्कला चिकटतो. हा खर्च तुमचा. पुढे दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. दुसरी वाट बसवणुकीची. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसते तो भाग) गंज पटकन धरतो. तो न घासता डिस्क बसवली किंवा चाकाचे नट गनने कमी-जास्त आवळले, तर डिस्क डुलत फिरते, दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. म्हणून जुनी जॉबकार्डे (सर्व्हिसिंगच्या कामांची नोंदपत्रे) काढा. याच सर्व्हिस सेंटरमध्ये चाके उघडली गेली असतील, तर दुरुस्ती त्यांनी फुकट करावी, असा आग्रह धरा.

तपासणी तुमच्यासमोर व्हावी. डिस्क नटांनी हबवर आवळायची, कडेपासून १० मिलिमीटर आत डायल गेज (डिस्कचा डोल मोजणारे काटेयंत्र) लावून एक फेरी फिरवायची. डोल ०.०५ मिलिमीटरच्या वर गेला तर हब तारेच्या ब्रशने साफ करून पुन्हा मोजायचे. डोल उतरला तर दोष गंजाचा. मग मायक्रोमीटरने आठ जागी जाडी मोजायची. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पुरेसे लोखंड उरले असेल, तर दोन्ही डिस्क लेथवर घासून चालतात. एकाच चाकाची डिस्क निळसर पडली असेल, तर कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्यात का पाहा. तो दोष डिस्कचा नाही आणि चालवण्याचाही नाही.

झिजणारा भाग म्हणून डिस्क बहुधा वॉरंटीबाहेर असते, पण उत्पादनातला किंवा बसवणुकीतला दोष म्हणजे झीज नव्हे. नकार लेखी मागा, मापे जॉबकार्डावर लिहून घ्या. दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, नाहीतर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. डिस्क बदलल्याच, तर जुन्या ताब्यात घ्या. आयोग त्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.