आजोबांचं 1940 च्या आसपासचं घर रेट्रो आणि मॉडर्निस्ट शैलीत करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की माटुंग्याला आजोबांची साधारण 550 चौरस फुटांची जागा आहे, गोल गॅलरी आहे आणि घर 'रेट्रो' करायचं आहे. डिझायनरने जुन्या लादीवरच विट्रिफाइड टाइल्स, खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग, पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि या सगळ्यावर जुन्या जमान्याचा वॉलपेपर नि नवं कोरं 'विंटेज' फर्निचर सुचवलंय. माझं उत्तर आधीच सांगते: त्या कोटेशनवर इतक्यात सही करू नका. रेट्रो घर तुमच्याकडे आहेच. ते काढून टाकायचं आणि मग त्याचीच नक्कल विकत आणायची, असा हा बेत आहे.

मी दादरला राहते, शिवाजी पार्कजवळ. आमची इमारत 1941 ची. सासरे गेल्यानंतर 2019 साली आम्ही घराचं काम काढलं, म्हणून हे सगळं अनुभवातून लिहितेय.

तुमच्या घराची शैली आर्ट डेको. 1925 साली पॅरिसला सजावटी कलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यावरून पुढे हे नाव पडलं. मुंबईत ती 1930 नंतर आली आणि फोफावली, कारण त्याच सुमारास आरसीसी, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचं बांधकाम रुळत होतं. गॅलरीला गोलाई देता येऊ लागली, खिडकीवर भुवईसारखा लांब छज्जा काढता येऊ लागला. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या परिसरातल्या 94 इमारतींना, त्यात व्हिक्टोरियन काळातल्याही आल्या, 2018 साली युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. दादर-माटुंग्याच्या आपल्या इमारती त्या यादीत नाहीत, पण पिढी तीच. जिन्याच्या कठड्याकडे, ग्रीलमधल्या उगवत्या सूर्याच्या किरणांकडे, दारावरच्या इमारतीच्या नावाच्या अक्षरांकडे एकदा नीट बघून या. तुमच्या डिझायनरलाही सोबत न्या.

आता फरशी, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

आमच्या हॉलची मोझेकची लादी काळपट, मळकट दिसायची. वर्षानुवर्षं मेण, फिनाईल आणि ओलं फडकं. आम्हीही ती बदलायचीच असं ठरवलं होतं. मापं घ्यायला म्हणून सासूबाईंचं लोखंडी कपाट सरकवलं तर त्याखाली चार बाय दोन फुटांचा एक तुकडा निघाला, फिकट पिस्ता रंगाचा, त्यात पांढरे आणि तांबूस संगमरवरी कण, आणि भिंतीपासून फूटभर आत काळी पट्टी. ते कपाट बहुधा लग्न होऊन आल्यापासून तिथेच होतं. सासूबाई खाली बसल्या, हाताने ती लादी चाचपली आणि म्हणाल्या, "अगं, हाच रंग होता. मी आले तेव्हा अशीच होती." तिथेच विट्रिफाइडचा विषय संपला.

मोझेक म्हणजे रंगीत सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे कण, आणि तो थर चांगला जाड असतो. म्हणून तो घासता येतो, पुन्हा पुन्हा घासता येतो. विट्रिफाइडचं तसं नाही, तिच्यावर ओरखडा पडला की पडला. पॉलिशवाले मशीन घेऊन येतात, पाणी सोडत आधी जाड दगडाने घासतात, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी ऑक्झॅलिक पावडर मारतात. आमच्याकडे चार दिवस लागले आणि घरभर राखाडी चिखल झाला. तो चिखल मोरीच्या नळीत जाऊ देऊ नका, आत जाऊन घट्ट बसतो. बादलीत भरून बाहेर न्यायला लावा, आणि हे आधी ठरवून घ्या. पुढे ही फरशी फक्त साध्या पाण्याने पुसायची. अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण तिला लावू नका. संगमरवर आणि सिमेंट दोन्हींना अ‍ॅसिड खातं, चकाकी जाते.

फुटलेल्या लाद्यांचं काय, हे तुम्ही विचाराल. ओटा नवा करणार असाल तर जुन्या ओट्याखाली, माळ्याच्या कपाटाखाली, दारामागे लाद्या शाबूत असतात. त्या हळूच काढून हॉलमध्ये बसवायच्या आणि ओट्याखाली काहीही टाकायचं. आमच्या अकरा लाद्या अशाच आल्या. तीन कमी पडल्या, त्या गवंड्याने जागेवरच ओतल्या: पांढरं सिमेंट, ऑक्साइडचा रंग आणि मापाच्या चिप्स. आठवडाभर पाणी मारून मग घासल्या. बारकाईने पाहिलं तर त्या वेगळ्या कळतात, पण कोणी पाहत नाही. अगदी नव्या हव्या असल्या तर सिमेंटच्या नक्षीदार लाद्या आजही हाताने बनतात. मुंबईची भारत फ्लोरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी 1922 पासून हेच काम करतेय.

आणि वजनाचा हिशेब करा. जुन्या लादीवर दीड इंच मसाला आणि वर नवी टाइल म्हटलं तर चौरस फुटाला नऊ-दहा किलो होतात. तुमच्या 550 चौरस फुटांवर पाच टनांच्या घरात बोजा, तोही ऐंशी वर्षांच्या स्लॅबवर. 30 वर्षांपुढच्या इमारतींना मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी लागते. तुमच्या इमारतीचं झालं असेल तर तो अहवाल मागा आणि त्या इंजिनिअरशी बोलल्याशिवाय एकही भिंत, एकही लादी हलवू नका. स्लॅबला फुगवटा दिसत असेल, गिलावा सुटून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर पहिला पैसा तिथे जाऊ दे. फॉल्स सीलिंग मला नको वाटतं ते यासाठीही. वर काय चाललंय ते दिसतच नाही. शिवाय दहा-साडेदहा फुटांची उंची ही या घरांची दौलत आहे, ती झाकायची कशाला?

खिडक्यांबद्दल लिहिताना अजून वाईट वाटतं. आम्ही चार दिवस गावाला गेलो होतो. परत आलो तर कंत्राटदाराने बेडरूमच्या दोन्ही सागवानी खिडक्या काढून भंगारात दिल्या होत्या, जागी अ‍ॅल्युमिनियम बसवून मोकळा. पितळी मुठी, दुधी काचेची तावदानं, वरची झडप, सगळं गेलं. "जुन्या होत्या," एवढंच तो म्हणाला. त्या खोलीत आता वारा निम्माच येतो, कारण दोन पल्ल्यांचं स्लायडिंग अर्ध्यापेक्षा जास्त उघडतच नाही. जुनी दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते, आणि वरच्या झडपेतून गरम हवा निघून जाते. जूनच्या आधीच्या उकाड्यात हा फरक अंगाला कळतो.

हॉलच्या खिडक्या वाचल्या त्या एका मालवणी मेस्त्रींमुळे. त्यांनी नखाने रंगाचा पोपडा काढला, लाकडाचा वास घेतला आणि म्हणाले, "वहिनी, ह्या लाकूड आता गावाचा नाय (मिळायचं नाही). खालची पट्टी कुजली ती बदलतंय, बाकीक हात लावू नकात." तेवढंच केलं. नव्या बिजागऱ्या, दोन तावदानं, जवसाच्या तेलातली लांबी (पुट्टी). खर्च अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कमी आला. म्हणून कंत्राटात हे लिहूनच घ्या: घरातून निघणारी एकही वस्तू तुम्हाला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही. खिडकी, दार, मूठ, कडी, काहीच नाही.

वायरिंग आणि नळ मात्र निर्दयपणे बदला. लाकडी पट्टीतल्या कापडी वेष्टणाच्या वायरी, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि त्यावर एसी नि गीझर लावायचा हे आगीला आमंत्रण आहे. सगळं नवं, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), लोखंडी गंजके पाइप बाद, मोरीचं वॉटरप्रूफिंग. बॅकेलाइटचे गोल काळे स्विच मलाही प्रिय आहेत, पण त्यातून वीज नेऊ नका. हे काम पॉलिशच्या आधी उरका.

रंग कसा निवडायचा? शेड कार्ड उघडण्याआधी दारामागच्या भिंतीवर रुपयाच्या नाण्याने इंचभर जागा हळूच खरवडा. आमच्याकडे ऑफ व्हाइटखाली गुलाबी, त्याखाली निळसर डिस्टेंपर आणि सगळ्यात खाली फिकट मोरपंखी निघाला. तो लादीच्या पिस्त्याशी असा जुळत होता की आम्ही दुसरा रंग पाहिलाच नाही. एक काळजी घ्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं (घरगुती रंगांवरची 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 2017 च्या अखेरीस लागू झाली). म्हणून दारं-खिडक्या कोरड्या घासू देऊ नका, पाणी लावूनच घासायच्या, आणि त्या दिवसांत लहान मुलांना घरात ठेवू नका.

आता मॉडर्निस्ट. 1940 च्या घरात 1950-60 चं फर्निचर शोभेल का? शोभतं, आणि आपल्या बहुतेक घरांत ते तसंच होतं. वडिलांच्या लग्नातला पलंग जड कोरीवकामाचा, आणि शेजारी काकांनी पहिल्या पगारातून घेतलेली बारीक पायांची खुर्ची. राखाडी सिमेंटच्या भिंती म्हणजे मॉडर्निझम, असं हल्ली दाखवतात, पण मूळ विचार वेगळा आहे: वस्तूचं जे काम आहे ते तिने नीट करावं, आणि उगाच अंगावर काही चढवू नये. अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी 1958 साली भारत सरकारला अहवाल दिला, त्यात त्यांनी सर्वांत मनापासून वाखाणलेली वस्तू कोणती, तर आपला लोटा. चंदीगडसाठी स्विस आर्किटेक्ट पिएर जॅनरे यांनी ज्या खुर्च्या केल्या त्याही सागवान आणि वेताच्याच, सरकारी कचेऱ्यांतल्या रोजच्या वापरासाठी. आज त्या परदेशात लिलावात विकल्या जातात आणि इथे त्यांच्या नकला महाग मिळतात.

ती नक्कल घेण्याआधी माळ्यावर चढा. आमच्या माळ्यावर बैठक फाटलेल्या दोन वेताच्या खुर्च्या होत्या. वेत विणणारे एक अंध कारागीर आले. पाण्यात भिजवलेला वेत, चौकटीच्या कडेची भोकं बोटांनी मोजत आधी उभे धागे, मग आडवे, मग दोन्ही तिरके. दोन खुर्च्यांना तीन दिवस लागले. संध्याकाळी ओल्या बैठकीवर बोट दाबलं तर ती सैल होती. सकाळी वाळून अशी ताणली होती की टिचकी मारली की डफासारखी वाजायची. लाकडाला आम्ही स्पिरिटमधल्या चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश केलं. पाण्याच्या ग्लासाचे डाग पडतात हे खरं, पण पुन्हा हात मारला की जातात. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश एकदा बिघडलं की सगळंच उतरवावं लागतं.

बाहेरून घ्यायचंच असेल तर ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार किंवा चोर बाजारातली मटण स्ट्रीट. खुर्ची उलटी करून पाहा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. बारीक भोकांतून पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे, ती वस्तू घरात आणू नका. एकाच दिवशी सगळं घेऊ नका. आमचं घर अजूनही भरतंय, आणि मला ते आवडतं.

तुमची इमारत पाच-सात वर्षांत पुनर्विकासाला जाईल असंही तुम्ही लिहिलंय. मग तर विट्रिफाइडवर पैसे घालणं अजूनच नको. पॉलिश करा, आहे तेवढी वर्षं त्या लादीवर अनवाणी चाला. खिडक्या, ग्रील, मुठी आणि चार चांगल्या लाद्या निघतील तेव्हा सोबत न्यायच्या, नव्या घरात त्यांना जागा होते. आणि काम सुरू होण्याआधी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून ठेवा. आमच्याकडे बेडरूमच्या त्या खिडक्यांचा एकच फोटो आहे, तोही नणंदेच्या डोहाळजेवणातला, अर्धी खिडकी तिच्या मागे लपलेली.

राहिला वॉलपेपर. माटुंग्याच्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर तो दोन वर्षंही टिकणार नाही, मागून बुरशी धरेल. त्या पैशात दोन खुर्च्यांचा वेत विणून होईल.