वाचकांचे प्रश्न : बायोमासपासून वीज

प्रश्न : एक किलो लाकूड किंवा शेतातील काडीकचरा जाळून नेमकी किती वीज मिळते? हे इंधन जवळजवळ फुकट असताना अशी वीजकेंद्रे जागोजागी का दिसत नाहीत?

उत्तर : पूर्णपणे कोरड्या लाकडाच्या एका किलोमध्ये सुमारे 18 मेगाज्यूल उष्णता असते आणि विजेचे एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. कागदावर हा हिशेब पाच युनिटांचा होतो. परंतु बॉयलरमध्ये वाफ तयार करून तिच्यावर टर्बाइन फिरवणाऱ्या लहान केंद्राची कार्यक्षमता साधारणपणे 20 ते 25 टक्के असल्याने प्रत्यक्षात हाती एक ते सव्वा युनिटच पडते. तेही इंधन कोरडे असेल तर. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असते आणि अशा एका किलोतून वापरता येण्याजोगी उष्णता जेमतेम 8 मेगाज्यूल मिळते, कारण लाकूड निम्मेच असते आणि त्याच्या उष्णतेचा काही भाग पाण्याची वाफ करण्यातही खर्ची पडतो. म्हणूनच वजनावर इंधन विकत घेणाऱ्याने ओलावा मोजल्याशिवाय दर ठरवू नये. नाहीतर तो इंधनाच्या भावाने पाणी विकत घेत असतो.

आता ‘फुकट’ या शब्दाविषयी. एक मेगावॉटचे केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवायचे तर रोज 20 ते 25 टन कोरडे इंधन लागते. सुट्या काडाचे एक घनमीटर मात्र 100 किलोसुद्धा भरत नाही, त्यामुळे वाहन वजनाने भरण्याच्या कितीतरी आधी आकारानेच भरून जाते. पीक हंगामात निघते, वीज वर्षभर लागते. मधल्या काळात माल गोळा करणे, त्याच्या गाठी बांधणे, तो पावसापासून आणि आगीपासून सांभाळणे हा सारा खर्च केंद्राच्या माथी येतो. माझ्या मते असे केंद्र चालणार की बंद पडणार, हे टर्बाइनपेक्षा इंधनाच्या आवारातच ठरते. साखर कारखान्यांना हे जमते ते याचमुळे : चिपाड गाळपासाठी आलेल्या उसाबरोबर आपोआप दारात येते आणि टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ रस आटवण्यासाठी पुन्हा उपयोगी पडते.

प्रश्न : लाकडासाठी बनवलेल्या बॉयलरमध्ये पेंढा किंवा भाताचे तूस जाळले तर चालेल का?

उत्तर : सरसकट नाही. स्वच्छ लाकडाची राख एक-दोन टक्क्यांच्या आत असते, तर तुसाची 20 टक्क्यांच्या आसपास. शिवाय ती बहुतांशी सिलिका असल्याने नळ्या घासून झिजवते. पेंढ्याचे दुखणे वेगळे आहे. त्यातील पोटॅशियममुळे राख कमी तापमानालाच वितळते, जाळीवर काचेसारखे चकचकीत खडे जमतात, त्यांनी हवेची वाट बुजते आणि अखेर भट्टी थंड करून ते पहारीने फोडून काढावे लागतात. क्लोरिनमुळे वाफेच्या नळ्या गंजतात ते निराळेच. इंधन बदलण्याआधी राखेची तपासणी करून घ्यावी आणि बॉयलरच्या निर्मात्याची लेखी संमतीही घ्यावी.

प्रश्न : अगदी लहान प्रमाणावर, म्हणजे 10-20 किलोवॉटसाठी, कोणता मार्ग बरा?

उत्तर : या मापात वाफेचा विचार सोडून द्यावा. ओले शेण किंवा भाजीपाल्याचा कचरा असेल तर बायोगॅस. त्यात साधारणपणे 50 ते 65 टक्के मिथेन असतो आणि एका घनमीटरपासून दीड ते दोन युनिटे मिळू शकतात. कोरडे लाकडी तुकडे असतील तर गॅसिफायर, ज्यात अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनयुक्त वायू निघतो व तो इंजिनाला पुरवता येतो. कसोटी लागते ती या वायूतील डांबराची. गाळणीची सफाई टाळली, की ते इंजिनाच्या व्हॉल्व्हवर चिकटून बसते आणि व्हॉल्व्ह अडकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राणघातक असतो, म्हणून गॅसिफायर उघड्या, हवेशीर छपराखालीच बसवावा आणि शेजारी वायू ओळखणारे उपकरण लावावे.