शौचाला लाल रक्त पडतं, पण दुखत नाही. मूळव्याधच असेल का? लेझर करून घ्यावं का?

वय 34, अंबडला कंपनीत नोकरी, दोन महिन्यांपासून अधूनमधून लालभडक रक्ताचे थेंब, दुखणं अजिबात नाही, आणि 'एका दिवसात मूळव्याधीपासून मुक्ती' असा फलक वाचून लेझरसाठी पैसे जमवताय, असं तुम्ही लिहिलंय. मिसळ सोडू का, हेही विचारलंय. माझं सिडकोत मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबून मग हळूच 'त्याचं मलम' मागणारी माणसं रोज बघतो.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे 'दुखत नाही'.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात, साधारण तीन. त्या प्रत्येकालाच असतात आणि नळातल्या वॉशरसारखं काम करतात: तोंड घट्ट मिटतं, गळती होत नाही. कुंथून कुंथून त्यांना धरून ठेवणारे धागे सैल पडले, गाद्या फुगून खाली घसरल्या, की ती मूळव्याध. या नुसत्या फुगलेल्या शिरा नव्हेत, हे थॉमसन नावाच्या सर्जनने 1975 मध्ये मांडलं. आत थोड्या अंतरावर एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला टोचल्या-कापल्याचं कळत नाही, खालची कातडी मात्र अतिशय हळवी. म्हणून आतली मूळव्याध रक्त पाडते पण दुखत नाही.

उलट 'मूळव्याधीने जीव चाललाय' म्हणत येणाऱ्यांत पुष्कळांना फिशर असतं, म्हणजे त्या हळव्या कातडीला पडलेली चीर. शौचाला काच कापल्यासारखं होतं आणि नंतरही तासभर आग. पू येत असेल तर भगंदर, म्हणजे आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली नळी. अचानक निळसर, टणक, ठणकणारी गाठ आली तर बाहेरच्या शिरेत रक्त गोठलेलं असतं. ती पहिल्या तीन दिवसांत सर्जनला दाखवली तर काढून टाकता येते, नाहीतर हळूहळू आपोआप जिरते. या सगळ्यांना एकच मलम लावून भागत नाही. स्टेरॉइडचं मलम महिनोन्‌महिने लावणाऱ्यांची कातडी पातळ होते ती वेगळीच.

लेझरचं म्हणाल तर फलकावर काहीही लिहो, तेही ऑपरेशनच आहे, भूल देऊनच करतात. आधी तुमची मूळव्याध कितव्या पायरीची ते विचारा. नुसतं रक्त पडतं ती पहिली, मोड, म्हणजे ती घसरलेली गादी, बाहेर येऊन आपोआप आत जातो ती दुसरी, बोटाने ढकलावा लागतो ती तिसरी, जातच नाही ती चौथी. पहिल्या-दुसऱ्या पायरीला आहार बदलून बहुतेकांचं भागतं. नाही भागलं तर रबर बँड: मोडाच्या मुळाशी छोटं रबर बसवतात, रक्तपुरवठा तुटतो आणि आठवड्याभरात मोड गळून पडतो. दातेरी रेषेच्या वर बसवतात म्हणून भूल लागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. कापून काढण्याचं ऑपरेशन मोठ्या मोडांसाठी. त्यात मूळव्याध परत येण्याची शक्यता सगळ्यात कमी, पण पहिले पंधरा दिवस चांगलेच दुखतं.

मिसळ सोडू नका. तिखटाने मूळव्याध होते असा भक्कम पुरावा नाही. फिशर असेल तर मात्र आग वाढते. मटकीत तर चोथा भरपूर असतो, खोट आहे ती सोबतच्या पावांत. रात्री ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, पालेभाजी, शिवाय एक-दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यातून. पाणी कमी पडलं तर इसबगोलच घट्ट बसतं, हे गिऱ्हाइकाला मी दरवेळी सांगतो. आणि मोबाइल संडासाच्या बाहेर ठेवा. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, कुंथत बसू नका.

पण हे सगळं एकदा तपासून घेतल्यावर. आतड्याच्या कॅन्सरमध्येही न दुखता रक्त पडतं. 34 व्या वर्षी शक्यता कमी, शून्य नाही. रक्त शौचात मिसळलेलं किंवा काळपट असेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय बदलली असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल किंवा वय 45 च्या पुढे असेल, तर कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे नळीच्या कॅमेऱ्याने मोठं आतडं तपासण्याबद्दल, स्वतःहून विचारा. तुम्हाला सध्या बोटाने आणि प्रॉक्टोस्कोपने (गुदद्वारातून आत बघायची छोटी नळी) तपासणी पुरेल, पाच मिनिटांचं काम आहे. खाजगीत परवडत नसेल तर सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत केसपेपर काढा. लेझरसाठी साठवलेल्या पैशांचं काय करायचं, ते त्यानंतर बघू.