देवमाशाला टॅग लावून मिळतं काय?

प्रश्न : ताई, ओमानकडे देवमाशाच्या पाठीत ट्रान्समीटर मारतात असा व्हिडिओ बघितला, खरं सांगायचं तर बघवला नाही. एवढा त्रास देऊन नकाशावर ठिपकेच मिळणार ना, त्याने देवमासा वाचतो कसा?
– एक वाचक, मालवण

उत्तर : दादा, मलाही पहिल्यांदा तसंच झालेलं. टॅग, म्हणजे तोच ट्रान्समीटर, चरबीत रुततो, जखम होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी तो आपोआप गळून पडतो.

पण त्या ठिपक्यांचं ऐका. जगातले बाकीचे हंपबॅक जातीचे देवमासे उन्हाळ्यात थंड समुद्राकडे जातात, अरबी समुद्रातले मात्र बाराही महिने इकडेच. 1965-66 मध्ये सोव्हिएत जहाजांनी यातले 242 मारले, आणि खूप वर्षांनी ओमानजवळ शेपटीच्या फोटोंवरून एकेक ओळखून मोजणी झाली तेव्हा अंदाज निघाला फक्त 82 चा! म्हणजे एकेक जीव मोलाचा. नोव्हेंबर 2017 मध्ये ओमानच्या मसिरा आखातात लुबान नावाच्या मादीला टॅग लावला आणि डिसेंबरात ती अख्खा समुद्र ओलांडून थेट गोव्यासमोर, दीड हजार किलोमीटरच्या वर, आणि तिथून आपल्या किनाऱ्याने खाली पार दक्षिणेकडे. सिग्नल पाण्यातून जात नाही, ती श्वास घ्यायला वर आली की अँटेना बाहेर निघते आणि तेवढ्यात सॅटेलाइटला कळतं, म्हणून ठिपके. फोटोतून हे कधीच कळलं नसतं, कारण मधल्या समुद्रात फोटो काढायला कोण बसलंय?

आता तेच ठिपके जहाजांच्या वाटांवर आणि जाळी लागतात त्या भागांवर ठेवून बघायचे. मसिरा आखातातच डुक्म बंदर आहे, तिथे जहाजांनी कुठे हळू जायचं, कुठली वाट टाळायची हे अंदाजाने नाही ठरवता येत. आणि माझ्या मते लुबानमुळे सगळ्यात मोठं काय झालं तर हा देवमासा एकट्या ओमानचा राहिला नाही, तिकडे वाचवलेली मादी इकडे जाळ्यात गेली तर काय उपयोग.

तुमच्याकडे कोणाला देवमासा दिसला तर लांबूनच शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो, वेळ आणि जागा टिपून वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवा. आणि जाळ्यात अडकलाच तर जाळं कापून सोडा, नुकसानभरपाई 25 हजारांपर्यंत मिळते, राज्याची योजना 2018 पासून आहे, फक्त सोडतानाचा व्हिडिओ काढायला विसरू नका.