रामटेक नागपूरहून एका दिवसात होते का, अन् राममंदिर सोडून काय पाहण्यासारखं आहे?

हो, आरामात होते, नागपूरहून पन्नासेक किलोमीटरच आहे, आणि राममंदिर सोडून गडावरचंच ‘केवल नरसिंह’ नावाचं मंदिर नक्की पाहा. मी याच तालुक्यातला आहे म्हणून सांगतो, बहुतेक पब्लिक रामाचं दर्शन घेते, माकडांसोबत फोटो काढते अन् खाली उतरते, पण हे नरसिंहाचं मंदिर पाचव्या शतकातलं, वाकाटक राजांच्या काळचं आहे, आत शिलालेखपण आहे आणि मूर्ती तर अशी दणकट बसलीय की पाहतच राहावं. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आताचं नगरधन, तिथं किल्ला आहे, पण एसटीनं आले तर ऑटो करावा लागेल. स्वतःची गाडी असेल तर

- मनसरची उत्खननातली जुनी विटांची बांधकामं, हायवेजवळच
- खाली अंबाळा तलाव, काठावर सगळी मंदिरंच मंदिरं

हेपण त्याच दिवशी होते. फक्त एप्रिल-मे मधे जायचं तर सकाळी दहाच्या आत गड उरका, नंतर फरशी इतकी तापते की चपला काढल्या की तळपाय भाजतात.