मुलगा दुसऱ्या पेठेचा निघाला

प्रिय बाझलकर,

तुमचं पत्र बरंच मोठं आहे. सगळं छापता येणार नाही, म्हणून वाचकांसाठी मुख्य तेवढं सांगते. तुम्ही मूळचे कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. वडील पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचे कट्टर. त्यांच्याबरोबर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर भडंग खात तुम्ही फुटबॉल बघायला शिकलात. २००५ साली शिकायला बर्मिंगहॅमला गेलात. तिथे एका गोदामात रात्रपाळी करताना बरोबरच्या वयस्कर कामगाराने हातात एक जास्तीचं तिकीट ठेवलं, आणि तेव्हापासून तुम्ही तिथल्या ॲस्टन व्हिला या फुटबॉल क्लबचे झालात. आता स्वित्झर्लंडमध्ये बाझलला औषध कंपनीत नोकरी आहे, घरी बायको आणि दहा वर्षांचा मुलगा. मुलगा तिथलाच जन्मलेला आणि शाळेतल्या पोरांसारखाच गावच्या क्लबचा, एफसी बाझलचा.

११ डिसेंबर २०२५ ला युरोपा लीगमध्ये, म्हणजे युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेत, व्हिला तुमच्याच गावात, सेंट याकोब पार्कवर खेळायला आली. तिघं मिळून गेलात. व्हिला २-१ अशी जिंकली. परतताना ट्राममध्ये मुलगा रडत होता आणि तुम्ही त्याला म्हणालात, "अरे, तुमची लीगच छोटी आहे, त्यात रडायचं काय?" घरी पोचल्यावर बायको म्हणाली, "हा क्लब ना आपल्या देशाचा, ना इथला. कुणासाठी चाललंय हे सगळं?" तेव्हापासून मुलगा तुमच्यासमोर फुटबॉलचा विषयच काढत नाही. आता तुम्ही विचारताय, हे वेड सोडून द्यावं का? आणि लगेच पुढच्या ओळीत विचारताय, मुलाला व्हिलाकडे कसं वळवावं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सोडू नका. २०१६ साली व्हिला १७ गुणांवर तळाला राहून प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमधून, खाली गेली, तेव्हा तुम्ही सोडली नाहीत. पुढे तीन हंगाम खालच्या लीगमध्ये काढले, तेव्हाही सोडली नाहीत. मग आता प्रशिक्षक उनाई एमरींच्या हाताखाली संघ युरोपात मानाने फिरतोय, तर घरातल्या एका कडू संध्याकाळीपायी का सोडायची? आणि माणूस असं ठरवून सोडतो म्हणजे काय करतो, तर आठवडाभर मोबाइल उलटा ठेवतो आणि चोरून स्कोअर बघतो.

"हा क्लब आपला कुठला" या प्रश्नाने तुम्ही फार खजील झालेले दिसता. होऊ नका. व्हिला १८७४ मध्ये सुरू केली ती एका चर्चच्या क्रिकेट संघातल्या पोरांनी, हिवाळ्यात क्रिकेट नसतं तेव्हा काहीतरी खेळायला हवं म्हणून. तिला नावारूपाला आणणारा विल्यम मॅकग्रेगर तर बर्मिंगहॅमचाही नव्हता. स्कॉटलंडहून आलेला माणूस, कापडाचं दुकान चालवायचा. त्यानेच पुढाकार घेतला आणि १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली, म्हणजे आज जगभर चालणाऱ्या सगळ्या लीगची आजी. तुम्ही राहता त्या देशाचंही बघा. झुरिकचा ग्रासहॉपर क्लब १८८६ मध्ये एका इंग्रज विद्यार्थ्याने काढला. बर्नच्या मोठ्या क्लबचं नाव आजही यंग बॉइज आहे. इंग्लंडहून शिकायला आणि व्यापाराला आलेल्या पोरांनी हा खेळ तिथे नेला, म्हणून स्विस क्लबांची नावं अशी इंग्रजी. मग इंग्लंडहून एक कोल्हापूरकर आपला क्लब मनात घेऊन बाझलला गेला, तर त्यात वावगं काय?

पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. मुलाला वळवू नका. आणि त्याचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे, कारण तुम्ही कोल्हापूरचे आहात.

मीही तिकडचीच. आमच्याकडे पोरगं कुठल्या संघाचं, हे कोण ठरवतं? पेठ ठरवते. मंगळवार पेठेत जन्मला तर पाटाकडील, रविवार पेठेत जन्मला तर दिलबहार. कुणी समजावून सांगत नाही, कुणी फायदे-तोटे मांडत नाही. गल्लीतल्या पोरांच्या मागोमाग जायचं, त्यांच्याबरोबर घसा बसेपर्यंत ओरडायचं, हरल्यावर त्यांच्याबरोबरच तोंड पाडून परत यायचं. तुमच्या मुलाने यातलं काय चुकवलं? त्याची पेठ बाझल आहे. तो शाळेतल्या पोरांच्या मागोमाग गेला, त्यांच्याबरोबर ओरडला, आणि त्या रात्री ट्राममध्ये तोंड पाडून बसला. त्याने तुमच्या वडिलांचा धर्म पाळलाय. मोडला असेल तर तुम्ही मोडलात. पेठ सोडून परमुलखातला क्लब तुम्ही धरलात. तेव्हा तुमच्या वडिलांनी काय केलं होतं? पत्रात तुम्हीच लिहिलंय की फोनवर ते व्हिलाचा निकाल विचारायचे, आणि नाव नीट उच्चारता येत नाही म्हणून "तुझी ती टीम" म्हणायचे. त्या माणसाने तुम्हाला एकदाही ऐकवलं नाही की तुझी टीम परकी आहे.

आणि तुम्ही मुलाला ऐकवलंत, तुमची लीग छोटी आहे. पत्रात हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. मला मात्र सगळ्यात जास्त तेच लागलं. रडणाऱ्या पोराला हे बोलायचं नसतं. शिवाय तुम्ही बापाच्या नात्याने नव्हे, समोरच्या संघाचा माणूस म्हणून बोललात, तेही जिंकल्यावर. शाहू स्टेडियमबाहेर असं कुणी बोललं असतं तर काय झालं असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

बरं, ते खरंही नाही. लीग लहान असेल, क्लब लहान नाही. २०११ च्या डिसेंबरात याच सेंट याकोब पार्कवर बाझलने मँचेस्टर युनायटेडला २-१ हरवून चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं होतं. २०१३ मध्ये चेल्सीला दोन्हीकडे हरवलं, त्यांच्या लंडनच्या मैदानावरसुद्धा. आज जगभर गाजलेला मोहम्मद सलाह इजिप्तहून युरोपात आला तो पहिल्यांदा बाझलमध्येच. शाका, शाकिरी, राकिटिच हे नावाजलेले खेळाडू सगळे तिथून पुढे गेले. शाकिरी तर लिव्हरपूल वगैरे फिरून २०२४ मध्ये घरी परतला आणि पुढच्याच वर्षी बाझलने लीग आणि कप दोन्ही घेतले. ज्यांनी बार्सिलोना क्लब काढला ते हान्स गांपर त्याआधी बाझलकडून खेळले होते. तुमच्या मुलाला यातलं बहुतेक सगळं तोंडपाठ असणार. तुम्ही त्याला कधी विचारलंच नाहीत.

तर पहिलं काम हे. त्याच्यापाशी बसा आणि सरळ सांगा, "त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं." "पण तूही समजून घे" वगैरे शेपूट जोडू नका. मग त्याला म्हणा, मला पुढच्या मॅचला तुझ्याबरोबर ने. 'ने' म्हणा, 'नेतो' नव्हे. कुठे बसायचं, मुटेन्झरकुर्वेतले, म्हणजे कट्टर चाहत्यांच्या स्टँडमधले, लोक कुठलं गाणं कधी म्हणतात, कुणाला शिट्ट्या मारायच्या, हे त्याला सांगू दे. तुम्ही त्याच्या पेठेत पाहुणे म्हणून जा. त्यासाठी व्हिला सोडावी लागत नाही. बाझलचे सामने स्विस लीगमध्ये, व्हिलाचे इंग्लंडमध्ये. दोघांची गाठ पडायची तर युरोपच्या स्पर्धेतच, आणि तीसुद्धा क्वचित. त्या एका रात्रीपुरते समोरासमोर बसा, बाकी वर्षभर भांडण कशाला?

आता तुमच्या पत्नीविषयी. त्यांचं म्हणणं तुम्ही एका वाक्यात उरकलंय, पण पत्रात इकडे तिकडे बरंच सांडलंय, ते मी गोळा केलं. इंग्लंडमध्ये शनिवारी तीनला सुरू होणारी मॅच तुमच्याकडे चारला दिसते. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद, म्हणजे आठवड्याची खरेदी शनिवारी. ती कोण करतं? त्या करतात, एकट्या. महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रमही बहुतेक शनिवारीच, तिथेही त्या मुलाला घेऊन एकट्या जातात आणि "हे नाही आले?" या प्रश्नाला दर वेळी नवं उत्तर शोधतात. गुरुवारी रात्री नऊची युरोपातली मॅच असली की दहानंतर इमारतीत आवाज चालत नाही, म्हणून तुम्ही बेडरूमचं दार लावून, हेडफोन घालून बसता. बाई बाहेर. "कुणासाठी चाललंय" हे त्यांनी क्लबविषयी विचारलेलं नाही, बाझलकर. दाराबाहेर बसलेल्या माणसाने विचारलंय ते.

आणि या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्याकडे आहे, ते तुम्ही त्यांना दिलेलंच नाही. पत्राच्या शेवटी शेवटी तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारच्या मॅच टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. बरोबर आहे. पावणेतीन ते सव्वापाच तिथे बंदी असते. लोक घरी बसून मोठ्या क्लबांचे सामने बघत राहिले तर खालच्या लीगची मैदानं ओस पडतील, म्हणून हा जुना नियम आहे. तुम्हाला बाझलमध्ये मात्र तीच मॅच दिसते. आणि गोदामातला तो तुमचा दोस्त, आता गुडघे गेल्यामुळे स्टेडियमच्या पायऱ्या चढू शकत नाही, घरी रेडिओ लावून बसतो. हाफटाइमला तुम्ही त्याला फोन करता आणि गोल कसा झाला ते सांगता. पास कुठून आला, गोलकीपर कुठे उभा होता, चेंडू कुठल्या पायाने मारला.

हे तुमच्या पत्नीला माहीत आहे? पत्रावरून तरी वाटत नाही. त्यांना बंद दार दिसतं आणि आतून इंग्रजीत बोलल्याचा आवाज येतो. पुढच्या शनिवारी दार उघडं ठेवा. फोन स्पीकरवर टाका. त्या म्हाताऱ्याला सांगा की माझी बायको इथे आहे, आणि त्याला तुमच्या बर्मिंगहॅमच्या दिवसांबद्दल त्यांच्याशी बोलू द्या. परक्या गावात पैसे मोजून जेवणाऱ्या एका पोराला कुणीतरी "चल" म्हणालं होतं, ही गोष्ट तुम्ही मला, एका अनोळखी बाईला, दोन पानं भरून लिहिलीत. ती आधी घरात सांगायला हवी होती. त्यानंतर त्या व्हिलाच्या होतील, असं मी म्हणत नाही. नाही झाल्या तरी चालेल. पण दर शनिवारी चारला तुम्ही कुठे जाता, एवढं तरी त्यांना कळेल.

मग खुशाल तिघं मिळून बर्मिंगहॅमला जाऊन या. तो दोस्त वयस्कर आहे, फार लांबवू नका. तुम्ही लिहिलंय की तिघांचेही पासपोर्ट अजून भारतीय आहेत, तर एक लक्षात ठेवा, स्विस परमिट किंवा युरोपातला शेंगेन व्हिसा ब्रिटनला चालत नाही. तिघांचाही ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा काढावा लागेल, मुलाचासुद्धा, तो स्वित्झर्लंडमध्ये जन्मला असला तरी. शरदातल्या शाळेच्या सुट्टीत जायचं तर आधी बघा, राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीग थांबते तो शनिवार नेमका त्यात येत नाही ना. शिवाय टीव्हीवाल्यांसाठी तारखा सरकतात, आणि संघ गुरुवारी युरोपात खेळला की लीगची मॅच बहुधा रविवारवर जाते. तेव्हा तारीख पक्की झाल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका. मॅचचं तिकीट हवं तर क्लबचं सभासदत्व आधी घेऊन ठेवा.

तिथे गेल्यावर मुलाला व्हिलाचा शर्ट घेऊन देऊ नका, त्याने स्वतःहून मागितला तर गोष्ट वेगळी. व्हिला पार्कबाहेर मॅकग्रेगरचा पुतळा आहे, तो दाखवा. १९८२ ची गोष्ट सांगा. रॉटरडॅमला जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्ध युरोपियन कपची (आजच्या चॅम्पियन्स लीगची) फायनल, दहा मिनिटं व्हायच्या आत गोलकीपर दुखापतीने बाहेर, आणि त्याच्या जागी नायजेल स्पिंक, ज्याने पहिल्या संघाकडून तोवर एकच सामना खेळला होता. एकही गोल खाल्ला नाही पोराने. पीटर विदच्या गोलवर व्हिला १-० जिंकली. दहा वर्षांच्या मुलाला गोलकीपरच्या गोष्टी आवडतात. आणखी एक सांगा, २७ जुलै २०२५ ला त्याच्याच सेंट याकोब पार्कवर महिलांच्या युरो फायनलमध्ये पेनल्टी अडवून इंग्लंडला जिंकून देणारी हॅना हॅम्प्टन बर्मिंगहॅमची, आणि एकेकाळी व्हिलाकडूनच खेळलेली. त्याला ऐकायचं असेल तेवढंच सांगा. त्याचं लक्ष खायच्या पाइकडे किंवा सीगल पक्ष्यांकडे गेलं तर जाऊ द्या.

व्हिसाचे अर्ज तिघांचे एकदमच भरा. आणि येत्या शनिवारपासून खरेदी तुमच्याकडे. मॅच चारला असते, दुकानं सकाळीच उघडतात. यादी बायकोकडून आदल्या रात्री घ्या, आणि पिशव्या उचलायला मुलाला बरोबर न्या. वाटेत शाकिरी अजून किती वर्षं खेळेल, ते त्याला विचारा.

तुमची,
ताई